मीटरवाल्यांचा साडू

बस आगाराच्या वेळापत्रक विभागात मी सव्वीस वर्षं काढली आहेत. एकशे बारा गाड्या सकाळी किती वाजता सुटायच्या, कुठे किती मिनिटं थांबायच्या आणि कोणत्या ड्रायव्हरनं कुठे जेवायचं, हे सगळं माझ्या टेबलावर ठरतं. पण आमच्या भागात मला त्यावरून कोणी ओळखत नाही. इस्त्रीवाला, औषधाच्या दुकानातल्या बाई, सगळे मला बघून शेजारच्याला सांगतात, "हे मीटरवाल्यांचे साडू." दातांच्या डॉक्टरांनी तर त्यांची बोटं माझ्या तोंडात असताना नर्सला तसं सांगितलं, त्यामुळे मला दुरुस्तीही करता आली नाही.

मीटरवाला म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. वयानं माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, पण नात्यानं धाकटा जावई, आणि या गोष्टीचा त्यानं कधी राग मानला नाही, याचाही मला राग आहे. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं तो घरोघरी जाऊन मीटर वाचायचा. खांद्याला पिशवी, पिशवीत झाकण उचलायचा लोखंडी हूक, काठीला बांधलेला लहानसा आरसा, टॉर्च, आणि कानावर पेन्सिल. खड्ड्यातलं मीटर वाचायला गुडघ्यांवर बसावं लागतं, म्हणून त्याच्या सगळ्या पॅंटी गुडघ्यांशी पांढऱ्या पडलेल्या. दारात उभा राहून तो म्हणायचा, "एक मिनिट हं, आकडा बघतो." आणि त्या घरातून अर्ध्या तासानं चहा पिऊन, म्हाताऱ्यांची चौकशी करून, गळका नळ आवळून बाहेर पडायचा. त्याच्यावर कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत. त्याच गल्ल्यांमधून मीही वर्षानुवर्षं चालतोय. माझ्यावर भुंकतात.

आता आडपडदा कशाला ठेवू? मला त्याचा हेवा वाटतो. लग्न झाल्यापासून वाटतो. सासूबाईंच्या घरी मी बरोबर साडेबाराला पोचतो, तर त्या घड्याळाकडे बघून म्हणतात, "आले का? म्हणजे साडेबारा झाले." तो पावणेदोनला उगवतो आणि त्याच्यासाठी चहाचं आधण नव्यानं चढतं. माझ्या विनोदावर माझी बायको आधी माझ्या तोंडाकडे बघते, विनोद झाला की नाही याची खात्री करते आणि मग हसते. त्याचा विनोद संपायच्या आत तिच्या डोळ्यांतून पाणी आलेलं असतं. संध्याकाळी चौकातल्या बाकावर तो आला की लोक सरकून जागा करतात. माझ्यासाठीही सरकतात, पण ते उठून जाण्यासाठी.

त्याच्याकडे नाही अशी एकच गोष्ट माझ्याकडे होती. ती म्हणजे माझी वही.

माझ्या टेबलासमोर भिंतभर रस्त्यांचा नकाशा आहे. त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक तांबडी रेघ समुद्रापर्यंत जाते आणि तिथे एका दीपगृहापाशी संपते. सव्वीस वर्षं मान वर केली की मला तो कोपरा दिसतो. तिथपर्यंत सायकलवर जायचं हे मी नऊ वर्षांपूर्वी ठरवलं आणि त्याच संध्याकाळी जाड पुठ्ठ्याची आडवी वही आणून रकाने आखले. दिवस, कुठून, कुठपर्यंत, किलोमीटर, चढ, पाणी, मुक्काम, पर्याय, शेरा. एकूण त्रेचाळीस दिवस, एक हजार आठशे साठ किलोमीटर. प्रत्येक दिवसाचं एक पान आणि प्रत्येक पानाखाली माझी सही, कारण सही नसलेला कागद ऑफिसात मी कधी पुढे सरकवलेला नाही.

लोकांना वाटतं, सायकलवर बसायचं आणि निघायचं. त्यांना काय जातंय बोलायला? वारा कोणत्या महिन्यात कुठून वाहतो ते बघावं लागतं, नाहीतर सपाट रस्त्यावरही चढ लागतो. पाणी दर पंचवीस किलोमीटरच्या आत हवं. मोठा चढ जेवणानंतर येता कामा नये. पाच दिवसांमागे एक दिवस रिकामा ठेवायचा, जसा मी प्रत्येक फेरीला सात मिनिटांचा वाव ठेवतो. आणि एवढं करूनही एका वर्षी अकराव्या दिवसाचं लॉज बंद पडलं. एक मुक्काम हलला की पुढचे बत्तीस हलतात, हे ज्यानं गाड्या सोडल्यात त्यालाच कळतं. पुढच्या वर्षी एका रस्त्याचं रुंदीकरण निघालं. त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या असं लक्षात आलं की चढाच्या रकान्यात उतार धरलेलेच नाहीत. नऊ वर्षांत मी ती वही चार वेळा नव्यानं लिहिली. सायकल मागच्या खोलीत भिंतीला टांगलेली होती, वर जुनी चादर. वर्षातून दोनदा मी तिच्यात हवा भरायचो.

मी पंचावन्नचा झालो होतो. साठीच्या आत जायचं, आणि आमच्या सासरच्या गोतावळ्यात तिथवर सायकलनं जाणारा पहिला माणूस आपण व्हायचं, एवढीच माझी इच्छा होती. मग मला मीटरवाल्यांचा साडू कोण म्हणतो ते बघितलं असतं.

तो निवृत्त झाला त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही सगळे सासूबाईंकडे जेवायला बसलो होतो. पानावरून उठता उठता तो म्हणाला, "मीही सायकलवर लांब कुठेतरी जाऊन यावं म्हणतो. एकतीस वर्षं त्याच अकरा गल्ल्या झाल्या."

"कुठे?" मी विचारलं. माझा घास तोंडातच होता.

"तुम्ही ते दीपगृह म्हणता ना, तिकडेच जावं. दुसरं ठिकाण मला कुठे माहीत आहे?"

"कधी?"

"वीस तारखेला निघेन."

वीस तारखेला अठरा दिवस होते. मी शांतपणे विचारलं, निदान मला तरी तसं वाटलं, की मार्ग ठरवला आहे का, मुक्काम कुठे, पाणी कुठे.

"सकाळी कुठून निघायचं ते माहीत आहे," तो म्हणाला. "संध्याकाळी कुठे थांबायचं ते दुपारी कुणाला तरी विचारीन."

"अहो, तुमची वही आहे ना," माझी बायको मला म्हणाली. "द्या की त्यांना. नाहीतरी ती पडूनच आहे."

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी निकाल दिला. "मोठ्या जावयांची वही आणि धाकट्यांचे पाय. झालं काम." सगळे हसले. मेहुणी हसली, माझी बायको हसली. तो तेवढा हसला नाही. म्हणाला, "त्यांची मेहनत आहे ती. त्यांना द्यायची असेल तरच घेईन." आता एवढ्या सगळ्यांदेखत मी नाही कसं म्हणणार? चांगुलपणा करावा तर असा, की समोरच्याच्या हातात काही राहूच नये.

त्यानंतर चौदा तारखेला ऑफिसात एक पत्र आलं. आमच्या आगारातून लांब पल्ल्याची एक गाडी सुटते, तिच्या वाटेवर एक मोठी नदी आहे. त्या नदीवरचा पूल दुरुस्तीसाठी पाच महिने बंद होणार होता. गाडीला चौऱ्याहत्तर किलोमीटरचा वळसा पडणार होता. मी दुपारभर बसून तिचं बदललेलं वेळापत्रक तयार केलं, सूचनेचा मजकूर लिहिला, खाली सही केली, चौदा तारीख टाकली आणि पुलाजवळच्या थांब्यावर लावण्यासाठी पाठवून दिलं. चहा आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही नदी मला चांगलीच माहीत आहे. वहीत ती सहाव्या दिवशी येते. सहाव्या दिवसाच्या पानावर पर्यायाचा रकाना कोरा होता, कारण पूल असताना नदीला पर्याय काय लिहिणार?

सोळा तारखेला तो वही न्यायला आला. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एकेक पान बघत राहिला, बोट ओळींवरून फिरवत. माझ्या शर्टाच्या खिशात लाल पेन्सिल होती. सहावं पान उलटताना तो म्हणाला, "किती बारकाईनं केलंय हो. यात आता काही बदल नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. "सगळं ताजं आहे."

एका शब्दाचं काम होतं. मी ते केलं नाही. का, ते मला नीट माहीत आहे, उगाच गोलगोल सांगत नाही. तो सातव्या दिवशी सायकल बसच्या टपावर टाकून, उन्हानं काळवंडून परत यावा, सासूबाईंनी त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवावा आणि मी म्हणावं, "नुसत्या वहीनं होत नाही. निघायच्या आदल्या दिवशी सगळं पुन्हा तपासावं लागतं. त्याला नियोजन म्हणतात." वाक्यसुद्धा तयार होतं. दाढी करताना मी ते दोनदा म्हणून बघितलं.

वीस तारखेला तो निघाला. खात्याची जुनी सायकल त्यानं निवृत्तीच्या वेळी मागून घेतली होती, पुढे तारेची टोपली असलेली. टोपलीत आरसा आणि हूक. "हे कशाला?" मी विचारलं. "सवय," तो म्हणाला. गल्लीच्या टोकापर्यंत पोचायला त्याला वीस मिनिटं लागली, कारण प्रत्येक दारात कोणीतरी उभं होतं.

रोज संध्याकाळी सात वाजता सासूबाईंच्या फोनवर त्याचा फोन यायचा आणि आम्ही सगळे भोवती बसून ऐकायचो. पहिल्या दिवशी त्यानं अठ्ठेचाळीसपैकी एकोणीस किलोमीटर कापले. का, तर एका शाळेच्या आवारात नळ वाहत होता. दुसऱ्या दिवशी जोडीला एक दूधवाला मिळाला, म्हणून एकतीस. तिसऱ्या दिवशी वारा पाठीशी होता, तर पठ्ठ्यानं दोन दिवसांचं अंतर एका दमात केलं आणि माझ्या मुक्कामाच्या लॉजसमोरून शीळ घालत पुढे गेला. रात्री कुठल्यातरी लाकूड कापायच्या कारखान्यात झोपला. "साडूभाऊ, तुमचं पाणी बरोबर निघालं हं," तो फोनवर म्हणाला. "बाविसाव्या किलोमीटरला डाव्या हाताला विहीर. अगदी गार पाणी." नऊ वर्षांपूर्वी ती विहीर मी एका ड्रायव्हरला खोदून खोदून विचारून लिहून घेतली होती. तिचं पाणी तो प्याला. मी अजून प्यालो नव्हतो.

सहावा दिवस आला आणि गेला, पूल काही आला नाही. तो वाटेत एका लग्नाच्या मांडवात अडकला होता, ओळख ना पाळख. मी विचारलं, "पूल कधी?" सातव्या दिवशीही विचारलं. माझी बायको म्हणाली, "तुम्हाला पुलाचं एवढं काय पडलंय?" मी म्हणालो, अंतराचा अंदाज घेतोय. त्या दोन दिवसांत ऑफिसात मी एका गाडीची सुटण्याची वेळ पोचण्याच्या रकान्यात लिहिली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

आठव्या दिवशी फोन आला. "पूल बंद आहे," तो म्हणाला.

"अरेरे," मी म्हणालो. मला वाटतं, मी ते जरा लवकरच म्हणालो. "मग आता? परत फिरणार?"

"परत कशाला? पुलाच्या बाजूनं पाण्याची मोठी पाइपलाइन गेली आहे नदीवरून. तिच्यावर खात्याच्या माणसांसाठी लोखंडी जाळीची वाट आहे, हातभर रुंद. टोकाला फाटक आणि चौकीदार. मी त्यांना म्हटलं, एक मिनिट हं, आकडा बघतो." इकडे सासूबाई, मेहुणी आणि माझी बायको एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या. तो सांगत राहिला. चौकीदाराचं मोठं मीटर दीड वर्षं अडकलं होतं, खड्ड्यात तोंड घालून कोणी बघत नव्हतं. यानं आरसा घातला, हूक घातला, ते चालू केलं. आता चौकीदार त्याला दोन दिवस सोडणार नव्हता. मग सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे. "तुमच्या वहीत हा पाइप नाही," तो म्हणाला. "लिहून ठेवतो."

त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. बायकोनं कपाळाला हात लावून बघितला. मत्सरानं अंग तापत नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं. बाकी सगळं होतं. चौऱ्याहत्तर किलोमीटरचा वळसा मी मिनिटांसकट आखला होता आणि हा माणूस सरळ नदीवरून जाणार होता.

एक्कावन्नाव्या दिवशी तो दीपगृहापाशी पोचला. परत आला तो रेल्वेनं. स्टेशनवर आमची सगळी माणसं आणि अकरा गल्ल्यांमधली निम्मी माणसं. तो बारीक झाला होता, नाकाचं कातडं सोललेलं. गर्दीतून वाट काढत तो पहिल्यांदा माझ्याकडे आला आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही त्यानं माझ्या हातात दिली. "जशीच्या तशी आणली आहे," तो म्हणाला. "फक्त शेऱ्याचा रकाना मोकळा होता, तो भरलाय. तुम्ही जाल तेव्हा उपयोगी पडेल."

घरी येऊन मी मागच्या खोलीत, टांगलेल्या सायकलीखाली बसून वही उघडली. पेन्सिलीनं लिहिलेलं, मीटरच्या कार्डावर लिहितात तसं तुटक आणि बारीक अक्षर. पहिला दिवस: "शाळेचा नळ दुरुस्त. बाईंना विचारा, वर्गात झोपू देतात." दुसरा दिवस: "चढ वहीत आहे त्याहून सोपा, सकाळी केला तर." तिसरा: "लॉज टाळा, ढेकूण." चौथा: "कुत्रा आहे, बोललं की गप्प बसतो." मी सहावं पान उघडलं.

"पूल बंद. थांब्यावर सूचना आहे, चौदा तारखेची. सही ओळखली. पाइपवरून जाता येतं. चौकीदारांना सांगून ठेवलंय, माझे साडू येतील."

त्याच पानाच्या तळाशी माझी सही होती, अक्षरांच्या मधोमध गाठ आणि खाली दोन रेघा. तीच सही थांब्यावर. वही माझी, सूचना माझी, तारीख माझी. दुसऱ्याला अडकवायला जाळं टाकलं आणि त्यावर आपलाच शिक्का मारून ठेवला, असा उद्योग सव्वीस वर्षं सही करणाऱ्या माणसालाच जमतो. म्हणजे त्या आठव्या दिवशी फोनवर मी "अरेरे" म्हणालो तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. आणि त्यानंतर त्रेचाळीस संध्याकाळी तो माझ्याशी पाण्याबद्दल आणि चढांबद्दल बोलत होता. मला लाज वाटली, भरपूर वाटली. पण खरं सांगायचं तर त्याच्या आधी, निमिषभर का होईना, मला हेवा वाटला. एवढं पोटात ठेवायला जागा लागते. ती त्याच्याकडे होती.

तीन दिवस मी त्याला टाळलं. चौथ्या दिवशी ऑफिसातून थेट त्याच्याकडे गेलो. तो मोरीत बसून नळाचा वॉशर बदलत होता. मी दारातच उभा राहिलो.

"शेरा वाचला," मी म्हणालो.

"वाचला ना? बरं झालं. अक्षर लागलं का?"

"घरात कुणाला बोललात?"

त्यानं पाना खाली ठेवला. "साडूभाऊ, एकतीस वर्षं मी लोकांच्या घरात वाकून बघत आलोय. कुणाकडे काय मुरतंय, कुठून काय गळतंय, सगळं दिसतं. आकडा लिहायचा, झाकण लावायचं आणि पुढच्या घरी जायचं. आरडाओरडा करून कुणाची गळती थांबली आहे का?"

"माझं चुकलं," मी म्हणालो. हे मी कुणाला पूर्वी म्हटल्याचं आठवत नाही, बायकोला विचारून बघायला हवं.

"हो, चुकलं," तो म्हणाला. "मला त्या थांब्यावर उभं राहून वाईट वाटलं. बराच वेळ वाटलं." मग त्यानं नळ सोडून बघितला, बंद केला. "ते राहू द्या. तुम्ही कधी निघताय?"

मी म्हणालो, वही आता पुन्हा नव्यानं लिहावी लागेल, पूल, लॉज, बरेच बदल आहेत, साधारण सहा महिने जातील.

"कशाला? रकाने तर सगळे भरले," तो म्हणाला. "आता तुमच्याकडे लिहायला जागाच नाही."

मी घरी येऊन वही चाळली. खरंच जागा नव्हती.

तीन आठवड्यांनी मी निघालो. साठवलेली रजा एकदम टाकली तेव्हा आमच्या साहेबांनी मला बरं आहे ना म्हणून विचारलं. गल्लीच्या टोकापर्यंत मला दोन मिनिटं लागली. बायको तेवढी दारात उभी होती, आणि तिच्या मागे तो. त्यानं पुढे येऊन माझ्या टायरवर अंगठा दाबून बघितला आणि मान हलवली. पहिल्याच दिवशी समोरून वारा आला आणि अठ्ठेचाळीस किलोमीटरऐवजी माझेही एकोणीसच झाले. मुक्काम चुकला, पुढचे बेचाळीस हलले. रस्त्याच्या कडेला बसून मी वही काढली, ती सगळी नव्यानं आखावी म्हणून, आणि मग शेऱ्याचा रकाना वाचला. शाळेतल्या बाईंना जाऊन विचारलं. त्यांनी वर्ग उघडून दिला. त्या म्हणाल्या, "मागे एक जण आले होते, तुमच्यासारखेच. म्हणजे, सायकलवर." दुसरं वाक्य त्यांनी मला नीट बघितल्यावर जोडलं.

नवव्या दिवशी दुपारी मी पुलापाशी पोचलो. दुरुस्ती चालूच होती. थांब्यावरच्या फळीवर माझी सूचना होती, उन्हानं शाई तपकिरी झालेली, पण सही स्पष्ट. मी तिच्यासमोर उभा राहिलो. त्यालाही इथेच उभं राहून वाईट वाटलं होतं, बराच वेळ. मी मुद्दाम तेवढा वेळ उभा राहायचं ठरवलं, पण किती ते माहीत नव्हतं. घड्याळात बघितलं नाही.

पाइपलाइनच्या फाटकाशी चौकीदार खुर्ची टाकून बसला होता. जाडजूड माणूस, मांडीवर रेडिओ. मी आगाराचं ओळखपत्र दाखवलं. त्यानं बघितलं नाही. मी रजेचा मंजूर अर्ज दाखवला, वही उघडून सहावं पान दाखवलं.

"इथून कुणाला सोडत नाही," तो म्हणाला. "बस त्या बाजूनं जाते. चौऱ्याहत्तर किलोमीटर."

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

"मग जा की."

मी सायकल वळवली. दहा पावलं गेलो. दुसरं काय सांगता येईल याचा मी विचार करत होतो, वेळापत्रक विभाग, सव्वीस वर्षं, एकशे बारा गाड्या. मग परत आलो. ते शब्द मी आजवर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकले होते, आणि दर वेळी दात खाऊन ऐकले होते. स्वतः कधी म्हटले नव्हते.

"मी मीटरवाल्यांचा साडू," मी म्हणालो.

त्यानं रेडिओ बंद केला. खुर्चीतून उठला. "मग इतका वेळ हे कागद कसले दाखवत बसलात?" खिळ्यावरची किल्ली काढता काढता तो थांबला आणि त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "म्हणजे ते वेळापत्रकवाले तुम्हीच? ते इथे दोन दिवस होते ना, तेव्हा थांब्यावर बसची वाट बघणाऱ्या प्रत्येकाला तो कागद दाखवायचे. म्हणायचे, हे माझ्या साडूनं केलंय, एक मिनिट इकडचं तिकडे व्हायचं नाही. आणि खरंच हो, अजून एकदाही झालेलं नाही."

त्यानं फाटक उघडलं. मी सायकल खांद्यावर घेतली आणि जाळीवर पाय ठेवला. खाली पाणी वाहत होतं आणि पाइपमधूनही वाहत होतं, त्याचा आवाज तळपायांना लागत होता. पलीकडे जायला तीनशे बारा पावलं लागली. मी मोजली. त्यानं मोजली नसणार.